रुमालापाशी कोसळणारा सेनापती

डोंबिवलीच्या एका तरुण नटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ऑफिसचा नाट्यसंघ हौशी स्पर्धेसाठी शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ बसवत असून नायकाची भूमिका त्यांच्याकडे आहे. व्हेनिसचा कृष्णवर्णी सेनापती ऑथेल्लो हाताखालच्या इयागोच्या कारस्थानाला बळी पडतो, पत्नी डेस्डेमोनाचे आपला दुय्यम अधिकारी कॅसिओ याच्याशी संबंध आहेत असे मानतो, तिचा हरवलेला रुमाल कॅसिओकडे दिसणे हा पुरावा धरतो आणि तिला ठार करतो, अशी ही कथा. दिग्दर्शकांचे म्हणणे असे की अनावर भावना हीच या नायकाची शोकांतिका आहे, तेव्हा तिसऱ्या अंकापासून भावनेचा स्फोट दिसलाच पाहिजे. त्यांनी तो स्फोट मन लावून केला आणि तालीम पाहायला आलेले सहकारी नेमके तिथेच हसले. ‘एवढा मोठा सेनापती एका रुमालावरून बायकोचा जीव घेतो, हे पटवून द्यायचे तरी कसे? माझे कुठे चुकते आहे?’ असे त्यांनी विचारले आहे.

मुंबईत बत्तीस वर्षे हौशी आणि स्पर्धेची नाटके बसवताना हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. झुंझारराव करणारा, ‘एकच प्याला’तला सुधाकर करणारा, लियर करणारा असा प्रत्येक नट कधी ना कधी तालीम मध्येच थांबवून म्हणाला आहे की, बाई, हा माणूस इतका मूर्ख कसा? त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी अभिनयाच्या आधी समजुतीचा प्रश्न आहे, असे मला वाटते. भावना अनावर झाल्यामुळे नायक कोसळतो हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण कोसळताना त्याच्या आत नेमके काय घडते, हे आपण स्वतःला विचारलेले नसते. ते न विचारता रंगमंचावर गेले की हातात उरतो तो फक्त आवाज.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही शिरवाडकरांचे भाषांतर करीत आहात, देवलांच्या 1890 च्या ‘झुंझारराव’ची रंगावृत्ती करीत आहात, की कोणी नव्याने बेतलेली संहिता करीत आहात, यावर पुष्कळ काही ठरेल. स्पर्धेच्या वेळेत बसवण्यासाठी संहितेला कात्री लागलीच असणार. पहिला आणि दुसरा अंक फार कापला असेल, तर पुढे मी जे सांगणार आहे त्यातले अर्धे तुमच्या हातून आधीच गेलेले आहे, आणि प्रेक्षक हसले यात तुमचा एकट्याचा दोष नाही. साहित्य संघ मंदिराच्या मोठ्या रंगमंचावर करायचे की पन्नास-साठ माणसांच्या छोट्या जागेत, यावरही मात्रा बदलेल. आणि शेवटचा शब्द तुमच्या दिग्दर्शकांचाच आहे. मी सांगते आहे ते त्यांच्याशी बोलण्यासाठी आहे, त्यांना डावलण्यासाठी नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. नायकाच्या स्वभावात एक दोष असतो आणि त्या दोषामुळे त्याचा नाश होतो, हे मत आपण अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपवतो. त्याचा शब्द आहे ‘हॅमार्शिया’. नेम चुकणे, गफलत होणे, असा त्याचा अर्थ आहे. फार सज्जनही नाही आणि दुष्टही नाही, असा माणूस दुष्टपणामुळे नव्हे, तर अशा एखाद्या गफलतीमुळे सुखातून दुःखात जातो, एवढेच तो सांगतो. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा ईडिपस राजा घ्या. तीन रस्त्यांच्या तिठ्यावर रथातल्या म्हाताऱ्याने डोक्यात काठी मारली म्हणून संतापून त्याने त्याला आणि सोबतच्या माणसांना ठार केले, ही हकिगत सोफोक्लीसने त्याच्याच तोंडून आपल्याला ऐकवली आहे. संताप खराच आहे. पण त्या संतापामुळेच तो कोसळला असे म्हणणे अर्धवट आहे, कारण तो म्हातारा आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि तो बापाला मारेल हे भाकीत तर त्याच्या जन्माआधीचे होते. तेव्हा ‘दोष शोधा आणि तो मोठा करून दाखवा’ ही दिशा नटासाठी उपयोगाची नाही.

त्यापेक्षा आपल्या भाषेत जवळचा शब्द आहे, आणि तो म्हणजे विकार. 1882 साली मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढताना आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतले आणि त्याला नाव दिले ‘विकारविलसित’. नाटकाच्या नावात नायकाऐवजी त्यांनी विकाराला जागा दिली, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच नाटकात हॅम्लेट आपल्या मित्राला सांगतो की जो विकारांचा गुलाम नाही असा माणूस मला दाखवा, मी त्याला काळजात ठेवीन. आणि असे म्हणणारा तोच राजपुत्र थोड्याच वेळात आईच्या दालनात पडद्यामागच्या माणसाला, तो कोण आहे हे न पाहता, तलवारीने भोसकतो. पुरावा हाती होता, बापाचा खून करणारा काका समोर गुडघे टेकून बसला होता, तेव्हा त्याने विचार केला. काहीच दिसत नव्हते तेव्हा घाव घातला. विकाराचे हे वागणे ध्यानात ठेवा, कारण ऑथेल्लोकडे वळल्यावर ते पुन्हा भेटणार आहे.

आता तुमच्या नाटकाकडे येते. पहिल्या अंकातला ऑथेल्लो नीट पाहा. मध्यरात्री सासरा हत्यारबंद माणसे घेऊन अंगावर येतो, तेव्हा हा तलवारी म्यान करायला सांगतो आणि म्हणतो की दवाने त्या गंजतील. पुढे राजसभेत त्याच्यावर आरोप होतो की याने जादूटोणा करून मुलीला फितवले. त्यावर त्याचे उत्तर काय आहे? त्या मुलीलाच बोलावून घ्या, तिच्या बापासमोर तिलाच विचारा, आणि ती माझ्याविरुद्ध बोलली तर माझे पद काढून घ्या, जीवही घ्या. म्हणजे आरोप झाला की साक्ष घ्यायची, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला बोलू द्यायचे, हे या माणसाला पुरते ठाऊक आहे. त्याचा जीव त्या रात्री वाचतो तो याच रीतीमुळे.

आता एकदम पाचव्या अंकातल्या शयनगृहात या. डेस्डेमोना काय मागते आहे? कॅसिओला इथे बोलावून घ्या आणि रुमालाविषयी त्यालाच विचारा, एवढेच ती मागते. पहिल्या अंकात त्याने स्वतः मागितलेली आणि त्याला मिळालेली गोष्टच ती आज त्याच्याकडे मागते आहे. ऑथेल्लो सांगतो की कॅसिओने कबुली दिली आहे. तशी कबुली कोणी दिलेली नाही. माझ्या मते या नायकाचे कोसळणे मोजायचे ते या दोन प्रवेशांमधल्या अंतरावर. तुमच्या रंगावृत्तीत पहिल्या अंकातली ती साक्षीची मागणी कापली गेली असेल, तर दिग्दर्शकांच्या पाया पडा, पण ती परत घ्यायला लावा.

मधला टप्पा दुसऱ्या अंकात आहे आणि तिथे नट नेहमी घाईने पुढे जातात. सायप्रसमध्ये रात्री पहाऱ्यावर दंगा होतो, कॅसिओ दारूच्या नशेत एकाला जखमी करतो, ऑथेल्लो झोपेतून उठून येतो. तो विचारपूस करतो. कॅसिओला शरमेने बोलता येत नाही. इयागो अगदी नाइलाजाने बोलतो आहे असे भासवत सगळे सांगतो. आणि काही मिनिटांत ऑथेल्लो निकाल देतो की तू मला प्रिय आहेस, पण यापुढे माझा अधिकारी नव्हेस. त्याच प्रवेशात तो स्वतः बोलून जातो की माझे रक्त माझ्या शहाण्या वाटाड्यांवर अंमल गाजवू लागले आहे आणि विकार माझी बुद्धी काळवंडून पुढे होऊ पाहतो आहे. पुढे पत्नीच्या बाबतीत जे होणार, त्याची ही लहान प्रमाणावरची रंगीत तालीम समजा. साक्षीदार तोच, त्याचे बोलण्याचे आढेवेढे तेच, एकतर्फी ऐकणे तेच, निकालाची झटपट तीच. फरक एवढाच की इथे सगळ्यांना ते न्यायी आणि करारी वाटते, आपल्यालाही वाटते. सैन्याच्या छावणीत झटपट निर्णय हा गुण असतो. त्या गुणावरच तो मोठा झाला आहे. घरात आल्यावर तो गुण कुठे ठेवायचा, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नाही.

म्हणून तुमच्या मित्रांचे हसणे मला कळते. त्यांना दिसला तो सुरुवातीपासून धुसफुसणारा माणूस. जो आधीच तापट आहे, त्याने तिसऱ्या अंकात तापण्यात गमवायचे काय राहिले? ‘अनावर’ या आपल्या शब्दातच ‘आवर’ दडलेला आहे. आवरण्याची धडपड डोळ्यांना दिसली, ती पुरी पडत नाही हेही दिसले, तरच प्रेक्षक तो शब्द मनात उच्चारतो. नाहीतर त्याला आरडाओरडा दिसतो, आणि आरडाओरडा फार वेळ चालला की माणसे हसतात किंवा मोबाइल काढतात.

तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशाची विभागणी मी तालमीत कशी करते, ते सविस्तर सांगते, कारण सगळी भूमिका तिथे आहे. प्रवेशाच्या आरंभी हा माणूस बायकोचे लाड पुरवणारा नवरा आहे आणि शेवटी गुडघे टेकून सूडाची शपथ घेणारा आहे, आणि मध्ये फक्त बोलणे आहे. पहिला टप्पा प्रश्नांचा आहे. इयागो अर्धवट बोलतो आणि ऑथेल्लो त्याचे शब्द त्यालाच परत करून विचारतो. इथे संशय अजिबात खेळू नका. हाताखालच्या माणसाकडून नीट अहवाल काढून घेणारा वरिष्ठ खेळा, तुमच्या ऑफिसात असे कोणी असेलच. दुसऱ्या टप्प्यात तो आपली रीत उघड सांगतो. आधी पाहीन, मग शंका घेईन. शंका आली की पुरावा मागेन. पुरावा मिळाला की प्रेम तरी जाईल नाहीतर मत्सर तरी. हे वाक्य शांतपणे आणि अभिमानाने बोला, कारण ते खरोखर शहाण्या माणसाचे वाक्य आहे. फक्त त्यात एक भोक आहे. त्याच्या आधी तो म्हणून गेला आहे की माझ्या बाबतीत शंका येणे म्हणजे निकाल लागणेच होय. अनिश्चिततेत राहण्याची त्याला सवय नाही. त्याचा दुबळेपणा मत्सरात नाही, तो इथे आहे.

तिसऱ्या टप्प्यात इयागो आठवण करून देतो की तिने तुमच्याशी लग्न करताना बापाला फसवले होते. इथे मी नटाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली उतरंड सांगते, जी आपल्या घराघरांत पाठ असते. विषयाच्या ध्यासातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश. त्यातली स्मृतीची पायरी आपण बोलताना गाळतो, पण नटाला हवी ती तीच. याच प्रवेशात थोडे आधी इयागोने विचारले होते की तुम्ही लग्नाआधी तिच्याकडे जात होता, तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होते का, आणि ऑथेल्लोने सांगितले होते की पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक होते, तोच आमच्यामध्ये निरोप नेत असे. म्हणजे कॅसिओ त्यांच्या प्रेमाचा साक्षीदार होता. आता तीच आठवण पुसली जात नाही, तिचा अर्थ उलटा होतो. जो आमचा मध्यस्थ होता तो तेव्हापासूनच तिच्याजवळ होता! हा अर्थ उलटा होण्याचा क्षण शब्दांत लिहिलेला नाही, तो तुम्हाला स्वतः शोधून ठेवावा लागेल. मी नटांना तिथे एक सेकंद हालचाल थांबवायला सांगते. मान वळवू नका, भुवया उंचावू नका, फक्त थांबा.

चौथा टप्पा एकट्याचा आहे. माझा रंग, माझे उतरते वय, मला दरबाऱ्यांसारखे गोड बोलता येत नाही, असे तो स्वतःशी मोजतो. इयागोने जे पेरले ते उगवायला जमीन तयार होती, हे इथे कळते. व्हेनिसने त्याला सेनापती केले, पण आपला मानले नाही. मुंबईत परक्या गावाहून येऊन मोठ्या पदावर पोहोचलेल्या माणसाला हे स्वगत समजावून सांगावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर डेस्डेमोना येते, त्याचे कपाळ दुखते म्हणून आपला रुमाल बांधू लागते, तो म्हणतो हा फार लहान आहे, आणि रुमाल खाली पडतो. पडू दे, असेही तोच म्हणतो. पुढे ज्या वस्तूवरून प्राण जातो, ती वस्तू त्याच्याच हाताने, त्याच्याच डोळ्यांदेखत पडलेली आहे. हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसले पाहिजे, आणि ऑथेल्लोला मात्र ते पुढे एकदाही आठवत नाही.

पुढचा टप्पा म्हणजे तुमचा स्फोट, आणि तो इथे जरूर करा. लष्करी आयुष्याचा निरोप घेताना आणि इयागोचा गळा धरताना आवाज वरच्या पट्टीत गेला तरी चालेल, कारण आता आवरण्याची धडपड संपल्याचे आपण पाहिले आहे. पण लक्षात घ्या की गळा धरूनही तो मागतो काय, तर डोळ्यांना दिसेल असा पुरावा. विकाराने बुद्धीला हाकलून दिलेले नाही, तिला चाकरीला ठेवले आहे. प्रवेशाच्या शेवटी तीन दिवसांच्या आत कॅसिओ मेल्याची बातमी दे, असा हुकूम तो मुदत घालून देतो. वेडा माणूस मुदत घालत नाही. चौथ्या अंकात तो डेस्डेमोनाच्या सोबतिणीला, इयागोची बायको एमिलियाला, रीतसर प्रश्न विचारतो, ती डेस्डेमोना निष्पाप असल्याचे शपथेवर सांगते, आणि तिची साक्ष खोटी हे त्याने आधीच ठरवून टाकलेले असते. चौकशी चालू आहे, फक्त निकाल तिच्या आधी लागलेला आहे. हे सूत्र धरले की ‘एका रुमालावरून’ हा प्रश्न आपोआप विरघळतो. रुमाल हा कारण नाही. लागलेल्या निकालाला जोडायचा तो शेवटचा कागद आहे.

आतापर्यंतचे दोन वाक्यांत सांगायचे तर, हा न्याय करण्याची सवय असलेला माणूस आहे, आणि त्याच्या आतल्या न्यायासनावर विकार येऊन बसला तरी दरबाराचे सगळे रीतिरिवाज तसेच चालू राहतात. तुम्ही शेवटपर्यंत न्यायाधीश खेळा, आणि खालचा विकार प्रेक्षकाला आपोआप दिसेल.

मी स्वतः हे उशिरा शिकले. अनेक वर्षांपूर्वी ‘एकच प्याला’ बसवत होते, लालबागच्या एका शाळेचा वर्ग तालमीला मिळाला होता, बाके भिंतीला लावून आम्ही मधली जागा मोकळी केली होती. मुन्सफाशी झालेल्या खटक्यावरून वकिलीची सनद गेल्यावर सुधाकर तळीरामासमोर आपली तडफड बोलून दाखवतो, तो प्रवेश उभा राहत नव्हता. सुधाकर करणारा मुलगा बँकेत नोकरीला होता, आवाज उत्तम, तळमळ खरी, पण पहिल्या वाक्यापासून तो पेटायचा आणि पाचव्या वाक्याला जळून संपायचा. मी त्याला आणखी पेटायला सांगत होते, ही माझी चूक होती. एके संध्याकाळी, दुसरे काही सुचेना म्हणून, मी त्याला वकिलीचा काळा डगला हातात दिला आणि म्हटले की बोलत बोलत याची घडी घाल, व्यवस्थित, उद्या कोर्टात घालायचा आहे अशी. तो घडी घालू लागला. एक बाही आत दुमडेना. त्याने डगला झटकला, पुन्हा बाकावर पसरला, पुन्हा घडी घातली, तीच बाही पुन्हा बाहेर. वाक्ये चालूच होती, पट्टी खालचीच होती. तिसऱ्यांदा त्याने बाही तळहाताने दाबून धरली आणि त्याच वाक्यात त्याचा आवाज फाटला, न ठरवता. हा डगला आता उद्या कोर्टात जाणार नाही, हे आम्हा सगळ्यांना त्या बाहीने सांगितले. सिंधू करणारी मुलगी भिंतीशी उभी राहून चहा पीत होती, तिने पेला खाली ठेवला. प्रयोगात आम्ही तसेच ठेवले.

गडकऱ्यांनी 1919 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात दारूला खलनायक केले असे म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण पहिला प्याला ओठाला लागण्याच्या आधीची पायरी मानभंगाची आहे, हे नटाने विसरू नये. स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला, कोणापुढे न वाकणारा हा माणूस अपमान गिळू शकत नाही. ज्या ताठ कण्यामुळे आपण त्याच्यावर प्रेम करतो, तो कणाच त्याला वाकू देत नाही. ऑथेल्लोची झटपट आणि सुधाकराचा ताठा एकाच जातीचे आहेत. लियरचेही तसेच. राज्याचा नकाशा पसरून, वाटण्या करून, सगळे रीतसर चालले असताना धाकटी मुलगी हवे ते शब्द बोलत नाही, एवढ्यावरून तो तिला वाऱ्यावर सोडतो, आणि ‘नीट पाहा’ असे सांगणाऱ्या केंट या सरदाराला सहाव्या दिवशी राज्याबाहेर पडण्याचा हुकूम देतो. रागातही दिवस मोजून दिलेले आहेत.

शरीराविषयी थोडे. भरताच्या नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना अंगावर उमटण्याच्या खुणा, सांगितले आहेत: स्तंभ (जागीच थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), अश्रू आणि प्रलय. यांत ओरडणे कुठेच नाही. भान हरपून पडणे म्हणजे प्रलय, आणि शेक्सपिअरने चौथ्या अंकाच्या आरंभी ऑथेल्लोला नेमके तेच दिले आहे. त्याआधी त्याची वाक्ये तुटतात, पद्य सुटून गद्य येते, रुमाल, कबुली, रुमाल, असे सुटे शब्द पडत राहतात आणि तो कोसळतो. संवादफेकीची सगळी सवय तिथे बाजूला ठेवा. त्याच प्रवेशात पुढे तो व्हेनिसच्या पाहुण्यांसमोर बायकोला मारतो. तो हात आधी उगारू नका, तो कोणालाही, तुम्हालाही, अपेक्षित नसावा. पाहुणा लोडोव्हिको जे विचारतो, की ज्याला विकार हलवू शकत नसे असा हाच का तो माणूस, त्या प्रश्नाला वजन येते ते तुम्ही पहिले दोन अंक शांत राहिला असाल तरच.

शेवटच्या अंकाविषयी एक गोष्ट मी आग्रहाने सांगणार आहे, कारण ती मला नटापेक्षा माणूस म्हणून महत्त्वाची वाटते. ‘रागाच्या भरात पत्नीची हत्या’ हा मथळा आपण लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचतो आणि पान उलटतो. त्या ‘भरात’ या शब्दात अर्धी माफी असते. शेक्सपिअरने ती माफी दिलेली नाही. ऑथेल्लो शयनगृहात येतो तो रागाच्या भरात येत नाही, दिवा घेऊन येतो, हळू बोलतो, झोपलेल्या पत्नीचे चुंबन घेतो, तिचे रक्त सांडणार नाही म्हणतो, आणि हे सगळे न्यायासाठी चालले आहे असे स्वतःला बजावतो. खुनाला तो बळी म्हणू पाहतो. नाटकातली सर्वांत भयंकर गोष्ट त्याचे ओरडणे नसून ही शांतता आहे. तुम्ही इथे हुंदके आणि किंकाळ्या आणल्या, तर प्रेक्षकाला तुमची कीव येईल आणि डेस्डेमोना विसरली जाईल. तिला विसरू देऊ नका. ती मरताना विनवण्या करते, आणखी एक रात्र, आणखी अर्धा तास मागते, आणि ती प्रत्येक मागणी तुम्ही कानाने ऐकून नाकारली पाहिजे.

हा नायक मुळात थोर होता आणि फसवला गेला, की मुळातच स्वतःवर फार खूष होता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ब्रॅडलीने 1904 मध्ये पहिली बाजू मांडली, लीव्हिसने 1937 मध्ये दुसरी. तुमच्या दिग्दर्शकांनी कोणती घेतली आहे ते त्यांना स्पष्ट विचारा, कारण शेवटचे भाषण त्यावर ठरते. तिथे तो स्वतःविषयी म्हणतो की हा माणूस सहजी मत्सरी नव्हता, पण पेटवल्यावर पराकोटीला गेला. मग अलेप्पोत व्हेनिसच्या नागरिकाला मारहाण करणाऱ्या एका तुर्काला आपण कसे ठार केले, ते सांगता सांगता तोच घाव स्वतःवर घालतो. पुन्हा खटला, पुन्हा निकाल, पुन्हा अंमलबजावणी, या वेळी स्वतःवर. मला स्वतःला ते भाषण खरे वाटते, पण पूर्ण खरे वाटत नाही, आणि मी नटांना ते साक्ष दिल्यासारखे बोलायला सांगते, रडत नाही.

राहिला रुमाल. बहुतेक तालमींत शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणाचा तरी खिशातला रुमाल चालवून घेतात. तसे करू नका. संहितेत त्याच्यावर स्ट्रॉबेरीची भरतकामातली नक्षी आहे, ती दादरच्या एखाद्या दुकानातून किंवा घरातल्या कोणाकडून आठ-दहा दिवसांत करून मिळेल. तो तालमीत रोज डेस्डेमोनाच्याच कमरेला राहू द्या. ऑथेल्लो तिला सांगतो की हा एका इजिप्शियन बाईने माझ्या आईला दिला होता, आणि शेवटच्या अंकात म्हणतो की माझ्या वडिलांनी आईला दिला होता. या दोन हकिगतींपैकी खरी कोणती, हे तुम्ही तुमच्यापुरते ठरवा आणि कोणालाही सांगू नका, दिग्दर्शकांनाही नाही. तिसऱ्या अंकात तो जमिनीवर पडेल, तेव्हा ठरवून टाकू नका. कपाळावरून तिचा हात बाजूला कराल त्या झटक्यात तो जिथे पडेल तिथे पडू द्या, आणि त्याच्याकडे न पाहता विंगेत निघून जा.